तान्ह्या पोटाचं बोंडलं

"थेंबाथेंबानं पाज. घाई करू नको. त्याचं पोट त्याच्या मुठीएवढं हाय, आणि मूठ बघ केवढीशी!"

हे शब्द मी ऐकले तेव्हा माझ्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. एका सासूने आपल्या बाळंतीण सुनेला ते सांगितले होते, आणि त्या वेळी मी त्या सुनेच्या हातात होतो.

मित्रांनो, मी एक जुनं चांदीचं बोंडलं आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं नसेल. तळहातात मावेल एवढी खोलगट वाटी आणि तिला पुढे निमुळती चोच, असं माझं रूप. माझ्यात जेमतेम चार-पाच चमचे दूध राहतं. चोच बाळाच्या खालच्या ओठावर टेकवायची, मला किंचित कलतं करायचं आणि बाळ गिळेपर्यंत थांबायचं, एवढंच माझं काम. ओतण्यापेक्षा थांबणं जास्त.

माझं घर पालघरजवळच्या माहीम गावात आहे. पुढच्या दाराने रस्ता समुद्राकडे जातो आणि मागच्या दाराने नागवेलीच्या वाडीत. मी जन्मलो तो या घरातल्या एका जुन्या बाईच्या तोरड्यांमधून. नातू होणार म्हणून तिने पायातल्या तोरड्या काढल्या आणि पालघरच्या बाजारातल्या सोनाराकडे दिल्या. सोनाराने त्या वितळवल्या, ठोकल्या, घासल्या. आयुष्यभर चाललेली चांदी मग माझ्या रूपाने एका जागी बसून दुसऱ्याला पाजायला शिकली.

तो नातू सातव्या महिन्यातच आला. त्याचं नाव कुशल. एवढा अशक्त, की आईचं दूध ओढून घेण्याचं बळही त्याच्या ओठांत नव्हतं. त्याची आई दमयंती मला हातात धरून तासन् तास बसायची. एक थेंब आत जायचा, दुसरा ओघळायचा. एके दिवशी तोही जाईना. तेव्हा तिने महिकावती देवीला हात जोडले आणि म्हणाली, "आई, ह्याच्या पोटात दूध टिकू दे. घरातलं शेवटचं माणूस जेवल्याबिगर मी दुपारचं पान वाढून घेणार नाय. जन्मभर."

कुशल वाचला. देवीने ऐकलं असं दमयंती म्हणते. मी तिथे होतो, आणि मीही तसंच म्हणतो. त्या दिवशी दुधाचा थेंब त्याच्या घशाखाली उतरताना मी पाहिला, आणि त्याहून मोठी गोष्ट मी तोवर पाहिली नव्हती.

तिचा नेम मात्र खराच जन्मभराचा झाला. पाहुणे येवोत, वाडीत गडीमाणसं असोत, कुशल शाळेतून उशिरा येवो. सगळे जेवले की मगच दमयंती पान घ्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "भुकेचं काय, ती बसते जरा वेळ ओट्यावर."

मधली कितीतरी वर्षं माझी कौतुकाची होती. भावकीत, शेजारात कुठेही बाळ जन्मलं की मला मागायला यायचे. "दमयंतीचं बोंडलं हातगुणाचं हाय," असं म्हणायचे. मी घरोघर जायचो आणि दुधाचा वास घेऊन परत यायचो. मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. कुशलची मुलगी कीर्ती जन्मली तेव्हा तिच्यासाठी गुलाबी झाकणाची बाटली आली, आणि मला चिंच लावून उजळून देव्हाऱ्यात ठेवलं गेलं. तिथे माझ्यात देवाचं तीर्थ असायचं. मान मोठा होता. पण खरं सांगू का, ज्याला ओठांची सवय असते त्याला नुसता मान थोडा कोरडाच लागतो.

आता मी तुम्हांला जिच्याबद्दल सांगणार आहे ती मेघाली, कुशलची बायको, बोईसरची माहेरवाशीण. हसरी, हाताला चव असलेली, शिवणकामात तरबेज. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिच्या मशीनवरून गेलेत. ती कंद-भाज्यांची उकडहंडी लावायची तेव्हा हंडीचा वास वाडीच्या टोकापर्यंत जायचा. पण कीर्तीच्या जन्मानंतर तिचं अंग वाढत गेलं. सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी धरली. उपास वाढले आणि साबुदाणाही वाढला, वजन काही हललं नाही. पुढे गुडघे धरले, साखर वर गेली, झोपेत श्वास अडकायला लागला. देव्हाऱ्यापुढे बसली की उठताना तिला भिंतीचा आधार लागायचा. उठल्यावर ती माझ्याकडे न बघता पदर सारखा करायची.

एका लग्नात पंगत बसली होती. ती पाटावर बसत होती तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मेघालीला दोन पानं मांडा रे." सगळे हसले. तीही हसली. पण तेव्हापासून ती कुठल्याच पंगतीला बसली नाही. पदर खोचून वाढायला उभी राहायची आणि सगळं उरकल्यावर आत कोपऱ्यात काहीतरी खायची. हे तिने घरी येऊन दमयंतीला सांगितलं होतं. मी देव्हाऱ्यातून ऐकलं.

शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन सुचवलं. पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा आणि एका केळ्याएवढी पिशवी ठेवायची. 

"देवानं दिलेलं पोट कापायचं?" दमयंतीने विचारलं.

"आई, देवानं दिलेला श्वास राहावा म्हणून कापायचं," मेघाली हळूच म्हणाली.

 दमयंतीने समईत तेल घातलं, आणि मेघाली दवाखान्यातून घरी येईपर्यंत ती समई तिने विझू दिली नाही.

मेघाली आली तेव्हा हळूहळू पावलं टाकत आली. शेजारची झुंबरकाकी लगेच बघायला हजर. "काय गं, उपास करायला मुंबईला कशाला जायला पाह्यजे होतं? आमाला सांगितलं असतंस तर आमीच उपाशी ठेवलं असतं तुला."

"तुमच्या घरी उपाशी राहायला तुमचा स्वयंपाक नुसता पुढ्यात आला तरी पुरे, काकी," मेघाली म्हणाली, आणि टाके दुखतील म्हणून हसू दाबून बसली.

पहिले दिवस नुसतं पातळ घ्यायचं होतं. ताकाची निवळ, डाळीचं पाणी, डॉक्टरांनी दिलेली पावडर. घोट घोट, सावकाश. पण मित्रांनो, जन्मभर तांब्याने पाणी प्यायलेल्या माणसाला घोट म्हणजे काय ते कुठे ठाऊक असतं? दुसऱ्याच दिवशी तिने तहानेने पेल्यातून दोन मोठे घोट घेतले आणि छातीत अशी कळ आली की ती ओटा धरून वाकली. डोळ्यांत पाणी आलं.

 दमयंती देव्हाऱ्यापाशी आली, तीर्थ तुळशीत ओतलं, मला उकळत्या पाण्यातून काढलं आणि निवळीने भरलं.

मेघालीने मला पाहिलं आणि ती लाजली. "आई, मी काय तान्हं बाळ हाय?"

"तू नाय. पोट तान्हं हाय ना तुझं. काल-परवा जन्मलंय. त्याला काय कळतं तू केवढी हायस ते?"

आणि मग माझी चोच एका मोठ्या, जाणत्या बाईच्या खालच्या ओठावर टेकली. केवढं आश्चर्य! ज्या ओठांनी गाणी म्हटली, भांडणं केली, लेकीला हाका मारल्या, ते ओठ माझ्यासमोर पुन्हा नवे झाले. ती गिळायची, थांबायची. दमयंती तिच्या गळ्याकडे बघत थांबायची. एवढ्याशा थेंबांवर एवढा मोठा देह चालतो, बोलतो, मशीनवर बसून बटणं लावतो, हे बघून मी थक्क झालो. देवाने जीव आत ठेवताना पोटाच्या मापाने ठेवलेला नाही, हे मला तेव्हा कळलं.

दिवस असे चांगले चालले होते. मग चूक झाली. आणि ती आमच्यासारख्या घरातच होते, कारण ती सगळ्यांच्या प्रेमातून झाली.

डॉक्टरांनी मऊ, घोटलेलं खायला परवानगी दिली. दमयंतीला एकदम उमाळा आला. इतक्या दिवसांनी तोंडात पहिला घास जाणार, म्हणजे ही उष्टावणच! आमच्याकडे बाळाची उष्टावण मामाच्या हातची असते. मेघालीला या वयात मामा कुठून आणायचा? म्हणून तिचा भाऊ भावेश याला बोईसरहून बोलावलं. तो तिथल्या कारखान्यात कामाला. पहिली पाळी संपवून आला, हात धुतले, बोटातली अंगठी काढली.

"ताई, लहानपणी माझ्या वाटणीचं खाल्लंस, आता मीच तुला भरवायचं?"

"भरव गप," मेघाली म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते.

उष्टावणीला खीर असते. तांदळाची, गुळाची, वर तुपाची तार. दवाखान्याच्या कागदावर गोड नको असं लिहिलं होतं, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. पण घासभर खिरीने काय होतंय, असंही सगळ्यांना वाटलं. भावेशने अंगठीने एक थेंब लावला आणि चमचाभर भरवली. मग कुशल पुढे आला. मग कीर्ती. "आमचा काय मान नाय?" म्हणून झुंबरकाकी. शेवटी दमयंती. प्रत्येकाचा एकच चमचा. उष्टावणीचा घास नाकारायचा नसतो, हे मेघालीला तिच्या आईने शिकवलेलं. तिने एकालाही नाही म्हटलं नाही.

थोड्याच वेळात तिच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी झाली आणि म्हणाली, "मला काहीतरी होतंय." कुशलने दवाखान्यात फोन लावला. आहार सांगणाऱ्या बाईंनी समजावलं, की जिवाला धोका नाही, गोड एकदम खाली उतरलं की नव्या पोटाला असं होतं, पडून राहू द्या. तासाभराने ती सावरली. भावेश तोवर दारात चपला घालत आणि काढत उभा होता. त्याच्याच्याने ना जाववत होतं, ना बसवत होतं.

मित्रांनो, अंग सावरलं, पण मन सावरलं नाही. त्या दिवसापासून मेघालीला घासाची भीती बसली. एकदा मऊ भाताचा घास अडकला आणि उलटी झाली. मग भात नको. अंडं कोरडं लागलं. मग अंडं नको. "आधी जास्त खाते म्हणून बघायचे, आता कमी खाते म्हणून बघतील. मी परत कधी माणसांसारखी जेवेन का गं?" असं तिने एकदा कीर्तीला विचारलं. कीर्ती पालघरला कॉलेजात जाते, मोबाइलमध्ये सगळं शोधते, पण याचं उत्तर तिला सापडलं नाही.

तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या फळीवर होतो. तिथून मागचं दार दिसतं. मेघालीच्या वाट्याचं घोटलेलं मूग, कुस्करलेला मासा तिच्या छोट्या वाटीत वाढलेला असायचा. ती वाटी घेऊन मागच्या पायरीवर जायची, दोन चाटण घ्यायची आणि उरलेलं मनी मांजरीपुढे ठेवायची. मग वाटी धुऊन आत यायची.

"जेवलीस?" दमयंती विचारायची.

"जेवले, आई."

मग दमयंती आपलं पान वाढून घ्यायची, हात जोडायची आणि शांतपणे जेवायची. तिच्या दृष्टीने घरातलं शेवटचं माणूस जेवलेलं असायचं. मी फळीवर बसून बघायचो. मला चोच आहे, वाचा नाही.

मेघालीचे केस गळायला लागले. मशीनवर बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायचे. सगळे म्हणायचे, ऑपरेशनचं अंग आहे, होणारच. आणि एके दिवशी कॉलेजातून आलेली कीर्ती पायरीवर बसून मनीला उचलून घेत सहज म्हणाली, "आजी, गंमत बघ. आई दिवसेंदिवस बारीक होतेय आणि आपली मनी भरल्या गोणीसारखी फुगलीय. हिचं पण ऑपरेशन करायला लागणार."

दमयंती जेवणाची पानं पुसत होती. तिचा हात थांबला. तिने मांजरीकडे पाहिलं, मग पालथ्या घातलेल्या छोट्या वाटीकडे, आणि मग मशीनवर मान टाकून बसलेल्या सुनेकडे. तिने पानं पुसून, रचून, टोपलीत झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघाली आत येऊन म्हणाली, "जेवले, आई." दमयंती "बरं" म्हणाली. पण पान घेतलं नाही. वाती वळत बसली. तिलाही साखरेचा आजार होता; त्याची गोळी सकाळीच झाली होती, आणि त्या गोळीवर अन्न पडायला हवं होतं. दुपार कलली. मेघाली मशीनवरून उठून पाणी प्यायला आली, तर दमयंती भिंतीला टेकलेली, हात लटपटतायत, कपाळ ओलं, नजर कुठेतरी लांब.

"आई! आई, तुमी जेवला नाय?"

दमयंतीच्या ओठांना पेला धरला, पण दात पेल्यावर आपटू लागले आणि पाणी गळ्यावर सांडलं. मेघालीने एकदा इकडे तिकडे पाहिलं आणि मला उचललं. साखर घातली, पाणी घातलं, बोटाने ढवळलं. माझी चोच दमयंतीच्या खालच्या ओठावर टेकवली आणि थांबली. गिळल्यावर पुन्हा कलती केली, पुन्हा थांबली. कुणी शिकवावं लागलं नाही. इतके दिवस ती स्वतः तशीच प्यायली होती.

ज्या हातांनी मला कित्येक बाळांच्या ओठांना लावलं, ते हात त्या दुपारी मांडीवर निपचित पडले होते, आणि त्या हातांच्या बाईलाच मी पाजत होतो. केवढी ही देवाची करणी! तोरड्यांची चांदी मी, मला इतकं काही बघायला मिळेल असं त्या सोनाराला तरी वाटलं असेल का?

हळूहळू दमयंतीची नजर जागेवर आली. मेघाली रडत होती.

"का नाय जेवलात?"

"तू नाय जेवलीस म्हणून."

"मी तर सांगितलं..."

"मनी जेवली. माझा नेम मनीसाठी नाय, तुझ्यासाठी हाय."

मेघालीने तोंड पदरात लपवलं.  मग ती म्हणाली, "मला भीती वाटते, आई. घास तोंडात घेतला की वाटतं, हा अडकला तर? परत तसं झालं तर? आणि माझ्यापायी तुमचा नेम पण मोडला. किती दिवस मी तुमाला खोटं सांगून जेवायला लावलं."

"नेमाचं मी बघीन आणि देवी बघंल. चूक तर आमी पण केली. पाच जणांनी मिळून तान्ह्या पोटात खीर कोंबली." दमयंतीने गळ्यावरचं पाणी पुसलं. "आता असं कर. तू भीती वाटली तर भीती वाटली म्हणून सांग. नाय जाणार घास, तर नाय जाणार म्हण. पण जेवले म्हणू नको. तुझ्या शब्दावर मी पान वाढते गं."

"सांगेन," मेघाली म्हणाली. "पण तुमी पण गोळी घेऊन उपाशी बसायचं नाय."

"ते मग बघू," दमयंती म्हणाली. या घरात 'ते मग बघू' म्हणजे 'नाही', हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या दिवसापासून खरी उष्टावण सुरू झाली, हळूहळू आणि बिनखिरीची. आहार सांगणाऱ्या बाईंना मेघालीने सगळं खरं सांगितलं. त्यांनी रागावून झाल्यावर नव्याने वाट आखून दिली. किनाऱ्यावरच्या नवापूरची कोळीण दारावर आली की दमयंती ओले बोंबील घ्यायची. बोंबलासारखा मऊ मासा नाही, जिभेवरच विरतो. तो आधी खायचा, भात मागून, जमला तर. पाणी जेवताना नाही, नंतर बऱ्याच वेळाने. घास वाटाण्याएवढा, आणि चावून चावून त्याचं दूध होईपर्यंत गिळायचा नाही. दोघी समोरासमोर बसायच्या. मेघाली चावायची आणि दमयंती वाती वळायची. "घाई नाय, मला काय गाडी पकडायची नाय," असं म्हणायची.

कधी घास अडायचा. मेघाली वाटी खाली ठेवून म्हणायची, "आई, आज भीती वाटतेय."

"मग बसू दे तिला पण पाटावर. तू खा, ती बघंल."

कधी मेघाली खरंच म्हणायची, "आज दोनच घास गेले." आणि दमयंती त्या दोन घासांवर आपलं पान वाढून घ्यायची. तिला खरा शब्द हवा होता, रिकामी वाटी नको होती.

महिने गेले. साखर उतरली. श्वास झोपेत अडकेनासा झाला. मेघाली स्वतःचे ब्लाऊज उसवायची आणि आत घ्यायची, पुन्हा उसवायची आणि पुन्हा आत घ्यायची. गळलेल्या केसांच्या जागी कपाळाच्या कडेने मऊ, आखूड, नवे केस आले. ते बघून दमयंती म्हणाली, "जावळ आलं गं तुला." मी फळीवरून ते जावळ पाहिलं आणि मला वाटलं, माणूस एकाच देहात पुन्हा जन्म घेऊ शकतो. हे मी पोथीत ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं.

मग हळूहळू मी लागेनासा झालो. निवळ वाटीतून, मग पेल्यातून घोटाघोटाने जायला लागली. मला पुन्हा उजळून देव्हाऱ्यात ठेवलं. मित्रांनो, या वेळी मला वाईट वाटलं नाही. बोंडल्याचं भाग्यच असं, की ज्याला पाजलं त्याने एक दिवस आपल्याला विसरून जावं. जो विसरला तो वाढला. पूर्वी मी याला दुर्लक्ष म्हणायचो. आता त्याला मी आशीर्वाद म्हणतो.

तुम्हांला मात्र माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात, वर्गात, पंगतीत कुणी जास्त खात असेल, कुणी कमी खात असेल, कुणी खाताना मध्येच थांबत असेल, तर त्याच्या पानात डोकावू नका. हसू नका आणि आग्रहही करू नका. कुणाचं पोट किती तान्हं आहे, हे बाहेरून दिसत नाही. नुसते शेजारी बसा. तुमचं थांबणंही त्याच्या पोटात जातं.

परवा भावेशचा फोन आला. बोईसरला त्याने नवीन घर घेतलंय, त्याची वास्तुशांत. "ताई, पंगत बसणार आहे. तू ये, पण वाढायला नको येऊ," तो म्हणाला.  किती वर्षांत मेघाली पंगतीच्या पाटावर बसली नव्हती! मग तिने दमयंतीकडे पाहिलं. दमयंतीचे गुडघे धरलेले, तिला प्रवास झेपत नाही. ती घरीच राहणार होती.

"मी बसेन पंगतीला," मेघाली तिला म्हणाली. "सगळ्यांच्या मध्ये. जेवढं जाईल तेवढं खाईन, लोकं बघोत. पण तुमी पण एक शब्द द्यायचा. पंगत कधी उठंल ते सांगता येत नाय. तुमी गोळीच्या वेळेला जेवायचं. माझ्या फोनची वाट बघायची नाय."

 कुशल अंगठ्याएवढा होता तेव्हापासूनचा तो नेम. दमयंतीने पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. "जेवीन," ती म्हणाली. या वेळी तिने 'ते मग बघू' म्हटलं नाही.

आज सकाळी कुशल, मेघाली आणि कीर्ती निघाले. मेघालीने नवीन शिवलेला निळा ब्लाऊज घातला होता. उंबऱ्यातून तिने एकदा मागे वळून सासूकडे पाहिलं, आणि गेली.

दुपार झाली. बोईसरला पानं मांडली असतील. मेघाली बसली असेल का, की पदर खोचून उभी राहिली असेल, हे मला इथून दिसत नाही. दमयंतीलाही दिसत नाही. तिचा मोबाइल खिडकीत होता. तिने तो उचलला, क्षणभर हातात धरला आणि पालथा करून ठेवला. मग ती देव्हाऱ्यापुढे आली. अगदी माझ्यासमोर. हात जोडून इतक्या हळू बोलली, की ते फक्त देवीने आणि मी ऐकलं.

"आई महिकावती, नेम मोडत नाय मी. पोर जेवीन म्हणून शब्द देऊन गेलीय. तिच्या शब्दालाच आज जेवण समज."

मी इतकी वर्षं या घरात आहे. घरातलं माणूस जेवलं की नाही हे कळल्याशिवाय दमयंती स्वयंपाकघरात पानाकडे वळलेली मी कधी पाहिली नव्हती. ती सावकाश वळली. टोपलीतून एक पान काढलं, पुसलं, पाट मांडला. थोडा भात, थोडी डाळ, बोंबलाचा एक तुकडा वाढून घेतला. आणि एकटीच, पदर सारखा करून, जेवायला बसली.